स्टर्नेविकच्या यादीतलं नाव

लंडनच्या हॅरोतल्या वीणा दामले यांनी या फेब्रुवारीत एका पुस्तकातून एकशे बारा शब्द आणि एक फोटो काढून टाकला. मजकुराच्या समासात कारण लिहिलं: ‘लांबी. बाकीच्या प्रकरणाशी प्रमाण जुळत नाही.’ फोटोपुढे लिहिलं: ‘दर्जा कमी.’ लंडनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांसाठी त्यांनी सव्वीस वर्षं कॉपी एडिटिंग केलं. असे हजारो शेरे लिहिले, आणि त्यांतला एकही खोटा नव्हता, असं त्या सांगतात. हे दोन खोटे होते.

पुस्तक नॉर्वेतल्या एका क्लबचं आहे. स्टर्नेविक हे समुद्रकाठचं लहान गाव, आणि तिथल्या बायकांच्या फुटबॉल क्लबला यंदा पन्नास वर्षं होतात. क्लबच्या सेक्रेटरी तोरुन ब्रेक्के यांनी त्याचा इतिहास आधी नॉर्वेजियनमध्ये लिहिला, मग स्वतःच इंग्रजीत आणला, कारण आतापर्यंत अकरा देशांच्या मुली तिथे खेळून गेल्या आहेत. हे इंग्रजी सरळ करायचं काम वीणाताईंकडे आलं. त्यांची मुलगी शाल्मली त्याच क्लबात आठ वर्षं लेफ्ट बॅक खेळते आहे. काढलेले एकशे बारा शब्द तिच्याबद्दल होते. ते पुन्हा पान १४३ वर घालायचे असतील तर त्याला मुदत होती वीस मार्च, शुक्रवार, दुपारी बारा. बारानंतर हॅरोजवळच्या वॉटफर्डच्या छापखान्यात पानं मशिनवर चढणार होती.

वीणाताई बासष्ट वर्षांच्या आहेत. मूळच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. राजीव दामले इथल्या एका हॉस्पिटलात अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणून लागले आणि १९९० साली त्या लग्न होऊन आल्या. प्रयोगशाळेतली नोकरी काही मिळाली नाही, नियतकालिकातली मिळाली. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बसायला जागा मिळाली की त्या लाल पेन काढत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हात थांबत नाही. मंडळाच्या गणपतीची पत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नाही, आणि एकदा त्यांनी एका नातेवाइकाच्या शोकसंदेशातली तारीख दुरुस्त करून परत पाठवली होती.

शाल्मली १९९७ची. आठव्या वर्षी तिने शाळेत फुटबॉल धरला, दहाव्या वर्षी वॉटफर्डच्या एका मुलींच्या टीममध्ये गेली. दर शनिवारी वीणाताई तिला गाडीने नेत आणि मैदानाबाहेर गाडीतच थर्मास आणि प्रुफं घेऊन बसत. “ऑफसाइड मला अजून कळत नाही,” त्या म्हणतात, “पण तिच्या बुटाचा नंबर कुठल्या वर्षी काय होता ते विचारा.”

२०१८मध्ये शाल्मली स्टर्नेविकला गेली. सकाळी बालवाडीत काम, संध्याकाळी सराव. जाताना म्हणाली होती, “टू सीझन्स, आई. मॅक्स.” ते दोन सीझन अजून संपलेले नाहीत.

पहिल्या वर्षापासूनच फोनवर तोरुन येऊ लागली. तोरुन म्हणते लोकर आतून घालायची. तोरुन म्हणते अंधारात बाहेर पडायचंच, नाहीतर माणूस खचतं. तोरुनने स्वेटर विणला. ‘तोरुन म्हणते’ आठवड्यातून किती वेळा यायचं हे वीणाताई मोजत नव्हत्या. राजीव मोजत होते, आणि जेवताना आकडा सांगत होते. तोरुन ब्रेक्के यांना मूल नाही. नवरा २०१४ साली वारला. ही माहिती शाल्मलीने सहज दिली होती. वीणाताईंनी ती लक्षात ठेवली आणि मंडळातल्या एका मैत्रिणीला एवढंच म्हणाल्या, “स्वतःचं नाही ना, म्हणून तयार मिळालेलं घेतलं.”

एका रविवारी शाल्मली म्हणाली, “तोरुन लेफ्से बनवते ना, बटाट्याची पोळी असते, एकदम सॉफ्ट. सेम तुझ्या पोळीसारखी.”

त्यानंतर तीन दिवस दामल्यांच्या घरी पोळ्या झाल्या नाहीत. राजीवनी ब्रेड खाल्ला.

२०१९च्या मे महिन्यात दोघं लेकीला भेटायला स्टर्नेविकला गेले. वीणाताईंनी तोरुनसाठी पैठणी काठाची पर्स नेली होती, दोन किलो चिवडा नेला होता. शनिवारी सकाळी क्लबात गेले तर दारावर एक यादी लावलेली. नॉर्वेत याला दुग्नाद म्हणतात, आपल्याकडचं श्रमदान. वर्षातून एक-दोनदा सगळ्यांनी जमून कामं उरकायची, पैसे कुणी घ्यायचे नाहीत, पळवाट कुणाला नाही. यादीत राजीवच्या नावापुढे गोलपोस्ट रंगवणं होतं. वीणाताईंच्या नावापुढे होतं: शॉवर.

तोरुनने त्यांना रबरी हातमोजे आणि ब्रश दिला, खांद्यावर थोपटलं आणि निघून गेली. मैदानापलीकडे दुसऱ्या एका खेळाडूचे पाहुणे खुर्च्यांवर बसून कॉफी पीत होते. ते वीणाताईंना न्हाणीघराच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होते. त्यांनी सहाच्या सहा शॉवर घासले, फरशीच्या सांध्यांसकट. राजीव गोलपोस्ट रंगवताना तीन नॉर्वेजियन शब्द शिकले आणि खुशीत परत आले.

“लेकीला भेटायला गेले आणि बाथरूम घासून आले,” हे वाक्य वीणाताईंनी त्या वर्षापासून दर गणपतीत सांगितलं, दसऱ्याला सांगितलं, कोजागिरीला सांगितलं. लोक हसत. त्या हसत नसत. “पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाच्या हातात कोणी ब्रश देतं का? मुलगी हिच्याकडे, आणि आई मोलकरीण.” पुन्हा त्या स्टर्नेविकला गेल्या नाहीत. शाल्मली वर्षातून एकदा येत राहिली.

मग या वर्षी जानेवारीत पुस्तकाच्या फायली आल्या. शाल्मलीनेच मध्यस्थी केली होती. “आई, यू आर द बेस्ट अ‍ॅट धिस. आणि तोरुनची इंग्लिश थोडा वाकडा आहे.”

वाकडं इंग्रजी पाहून वीणाताईंना बरं वाटलं, हे त्या नाकारत नाहीत. पहिल्या दोन प्रकरणांवर त्यांनी इतका लाल रंग चढवला की राजीव म्हणाले, “अगं, ही बाई पेशंट असती तर रक्त चढवावं लागलं असतं.”

पण मजकूर चांगला होता. त्याचाही त्यांना राग आला. १९७६ साली मासे कापण्याच्या कारखान्यातल्या सोळा जणींनी क्लब काढला. तोरुन त्यांतली सगळ्यात लहान, सोळा वर्षांची, गोलकीपर. पुरुषांच्या क्लबाने मैदान दिलं ते त्यांचा सराव संपल्यावर, आणि कपडे बदलायच्या खोलीची किल्ली दिलीच नाही. बायका होड्या ठेवायच्या शेडमध्ये कपडे बदलत. शर्ट पुरुषांचे जुने, मांडीपर्यंत येणारे. मैदान बारीक खडीचं. पहिल्या पिढीतल्या प्रत्येकीच्या गुडघ्यात एखादा तरी खडा अजून आहे. पहिला सामना चौदा-शून्य हरल्या आणि केक कापला, कारण अकराच्या अकरा शेवटपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. चौथं प्रकरण शॉवरचं होतं. बारा वर्षं चिखल अंगावर घेऊन सायकलवरून घरी जायचं, आणि मग १९८८ साली स्वतः विटा रचून, स्वतः नळ बसवून बांधलेलं न्हाणीघर. प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य होतं: ते शॉवर दर वसंतात साफ करण्याचं काम संस्थापक आणि खेळाडूंच्या आया यांच्याखेरीज कुणाला दिलं जात नाही. वीणाताईंनी त्या वाक्यातला स्वल्पविराम हलवला आणि पुढे गेल्या. आठव्या प्रकरणात क्लबासाठी दारोदार टॉयलेट रोल विकण्याची दोन पूर्ण पानं होती. ती त्यांनी ठेवली.

साऱ्या पुस्तकात तोरुन ब्रेक्के हे नाव एकदाच होतं, १९७६च्या संघाच्या यादीत. बाकी सगळीकडे ‘सेक्रेटरी’. “हासुद्धा तोराच,” वीणाताई राजीवना म्हणाल्या. “माणूस स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लावतं तेव्हा निदान कळतं तरी.”

पान १४३ त्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी चहाबरोबर वाचलं. मजकूर असा होता. सप्टेंबर २०२२मध्ये शाल्मली दामले हिच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं. तिला जिना चढता येत नव्हता, म्हणून ती अठरा आठवडे सेक्रेटरीच्या घरी तळमजल्यावर राहिली. तिला फिजिओकडे नेणं, केस धुणं, जेवण, सोबत, याची क्लबाने यादी केली आणि अठरा आठवड्यांत एकाही दिवसाचं काम चुकलं नाही. शेजारच्या पानावर फोटो: स्वयंपाकघरात बाकावर पाय लांब करून बसलेली शाल्मली. मागे पिवळा वॉलपेपर, त्यावर निळे पक्षी.

तो वॉलपेपर वीणाताईंनी पाहिला होता. त्या हिवाळ्यात दर रविवारी चार वाजता त्या व्हिडिओ कॉल करत, आणि शाल्मली छातीपर्यंत दिसे. “नवीन फ्लॅट का गं?” “हो, टेम्पररी.” त्या दिवाळीला ती आली नव्हती. मोसमाचे शेवटचे सामने आहेत, म्हणाली होती. नाताळात आली नव्हती. विमानं रद्द होतायत, म्हणाली होती. वीणाताईंनी चकल्या पोस्टाने पाठवल्या होत्या, तिच्या फ्लॅटच्या पत्त्यावर.

राजीव खाली आले तेव्हा त्यांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. राजीवनी वाचलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

“तुम्हाला माहीत होतं,” वीणाताई म्हणाल्या.

“ऑपरेशनच्या आधी कुठल्या गोळ्या बंद करायच्या, ते तिने मला विचारलं होतं.”

“आणि मला काय सांगितलं होतं? चकल्या मोडल्या नाहीत ते.”

“तुला कळलं असतं तर तू पुढच्या फ्लाइटने जाऊन तिला उचलून आणली असतीस. बास झाला फुटबॉल, म्हणाली असतीस. ती ह्यालाच घाबरली.”

“मग? आई काय असते?”

“म्हणूनच सांगितलं नाही,” राजीव म्हणाले.

त्या रविवारी वीणाताईंनी फोनवर विचारलं, “गुडघे कसे आहेत?”

“माझी गुडघा? फाइन आहे. का?”

“सहज.”

सोमवारी त्यांनी परिच्छेद आणि फोटो काढला. तो तोरुनने लिहिला म्हणून काढला, हे त्या सरळ सांगतात. लेकीचे केस दुसऱ्या बाईने धुतले, हे आपण वाचायचं, वर त्यातलं इंग्रजी सुधारून द्यायचं, आणि मग ते छापून दोन देशांत वाटायचं. त्यांना भांडण हवं होतं. तोरुन विरोध करील, मग आपण विचारू, की कुठल्या अधिकाराने. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं: ‘ठीक. संपादक तुम्ही आहात.’

भांडायलाही ती येत नव्हती.

आली ती एकोणीस मार्चला, पाडव्याच्या दिवशी. शुक्रवारी वॉटफर्डला जाऊन शेवटच्या प्रुफांवर सही करायची होती, आणि शाल्मलीने परस्पर ठरवलं होतं की तोरुन दामल्यांकडे उतरेल. सकाळी तिचा फोन आला. “आई, ऐक. तिला बसवून ठेवू नको. शी हेट्स इट. काहीतरी काम दे.”

“पाहुणीला काम देतात का?”

“आई, प्लीज.”

“तुमच्याकडे देत असतील,” वीणाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. ‘तुमच्याकडे’ हा शब्द पोटच्या मुलीला आपण पहिल्यांदाच लावला, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

तोरुन ब्रेक्के उंच, सहासष्ट वर्षांच्या, हात मोठे. एक पाठपिशवी, गावाकडचं तपकिरी चीज आणि पत्र्याची एक लांबट पेटी, एवढंच सामान. मागच्या अंगणात गुढी उभी होती. पडद्याचा लांब दांडा, त्यावर जरीचं कापड आणि तांब्या. कडुनिंबाऐवजी दारच्याच झाडाची डहाळी. तोरुननी तिच्याकडे पाहून विचारलं, “कुणी उभारली?”

“मी.”

“एकटीने?”

“त्यात काय आहे,” वीणाताई म्हणाल्या.

जेवायला श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात. वीणाताई सकाळी सहापासून उभ्या होत्या. असा पाहुणचार करायचा की समोरच्याला आपला पाहुणचार आठवून लाज वाटावी, हा हेतू होता, आणि बेत त्या हिशेबाने चोख होता. तोरुन पुऱ्या आणायला उठल्या. “बसा, बसा.” पाण्याचा जग भरायला उठल्या. “अहो, बसा तुम्ही. पाहुण्या आहात.” जेवण झाल्यावर स्वतःची ताटली उचलली. वीणाताईंनी ती हातातून काढून घेतली.

“मी नेते,” राजीव मध्ये पडले.

“कुणी काही न्यायचं नाही,” वीणाताई म्हणाल्या.

तोरुन मांडीवर हात ठेवून बसल्या. त्यांनी बाहेर गुढीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला वाटतं, मी वॉटफर्डला हॉटेल घेते.”

“का? खोली तयार आहे.”

“तुम्ही मला घरात घेतलं नाहीत. मी रागावले नाही. पण खुर्चीवर बसून राहायला मला येत नाही.”

वीणाताईंच्या हातात ताटली तशीच होती. “तुम्हाला सकाळपासून राबून पाच पदार्थ वाढले,” त्या म्हणाल्या, “आणि म्हणे घरात घेतलं नाही. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही मला संडास-बाथरूम दाखवलंत.”

“संडास नाही. शॉवर.”

“तेच ते. दुसऱ्यांचे पाहुणे कॉफी पीत होते.”

“ते परके होते. परक्यांना आम्ही कॉफी देतो,” तोरुन म्हणाल्या. “यादीवर परक्याचं नाव नसतं. आणि शॉवर मी कुणालाही देत नाही. तुम्ही चौथं प्रकरण वाचलंय. त्यातला स्वल्पविराम तुम्ही हलवलात.”

वीणाताईंनी ताटली टेबलावर ठेवली. वाक्य त्यांना शब्दशः आठवलं. सव्वीस वर्षांची सवय. संस्थापक आणि खेळाडूंच्या आया यांच्याखेरीज. ते त्यांनी दोनदा वाचलं होतं, स्वल्पविरामासाठी. सात वर्षं तीन-तीन सणांना सांगितलेली आपली गोष्ट आपणच तपासून पास केलेल्या पानावर खोडलेली होती, आणि दिसली नव्हती. कॉपी एडिटरला याहून वाईट काही होत नाही.

राजीवनी तपकिरी चीज कापायला घेतलं. खोलीत कुणीतरी काहीतरी करत असावं म्हणून.

“पान १४३चं कारण खोटं होतं,” वीणाताई म्हणाल्या.

“माहीत आहे. एकशे बारा शब्द लांब नसतात. टॉयलेट रोलची दोन पानं तुम्ही ठेवलीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“मुलगी तुमची आहे. तुम्हाला नको असेल, तर नको.”

हे ऐकून समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. “आणि तेव्हा? अठरा आठवडे? एक फोन मला करता आला नसता?”

“तिला दर आठवड्याला सांगत होते, आईला सांग. नाही म्हणायची. पंचवीस वर्षांची होती, वीणा. तिला डावलून मी कशी सांगू?”

तोरुननी पत्र्याची पेटी उघडली. आत कार्डं होती, पन्नास वर्षांची, दर मोसमाला एक रंग. सेक्रेटरीच्या हातची प्रत्येक यादी तीत आहे. त्यांनी एक निळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि बोट फिरवत एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. सोमवार, फिजिओ, गोलकीपरची गाडी. मंगळवार, केस. बुधवार, जेवण, कारखान्यातल्या बायका. असं शनिवारपर्यंत. शेवटची ओळ: रविवार, पाच वाजता, आई. फोन. स्वयंपाकघर रिकामं. कुत्रं बाहेर.

वीणाताई ओळीकडे पाहत राहिल्या. नॉर्वेजियन त्यांना येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखू आलं. ‘आई’ या शब्दापुढे कंसात ‘वीणा’ लिहिलं होतं.

“स्वयंपाकघर रिकामं म्हणजे?”

“घरात नेट तिथेच चांगलं येतं. तुमचा फोन असताना तिथे कुणी यायचं नाही, असा नियम केला होता. भिंती पातळ आहेत, म्हणून मी कुत्र्याला घेऊन बाहेर जायचे.”

“किती वेळ?”

“फोन संपेपर्यंत. तुमचे फोन लांब असतात.”

“डिसेंबरमध्ये?”

“डिसेंबरमध्येही रविवार असतो,” तोरुन म्हणाल्या.

वीणाताईंचं पुढे काय झालं असेल, त्याचा अंदाज ऐकणारे चुकीचा बांधतात, असा त्यांचा अनुभव आहे. डोळे वगैरे भरून आले नाहीत. पहिल्यांदा संताप आला. ते रविवार त्यांचे एकटीचे होते. त्या हिवाळ्यात लेक आणि आपण यांच्यामध्ये कुणी नाही असा आठवड्यातला तो एकच तास, आणि तोही या बाईच्या कार्डावर, केस धुण्याच्या आणि जेवणाच्या रांगेत मांडलेला होता. मग दुसरी गोष्ट सुचली, ती जास्त बोचली. अठरा रविवार ही बाई बाहेर थंडीत उभी राहिली होती, आणि कार्डाशिवाय कुणाला कळूही दिलं नव्हतं. उपकारसुद्धा असा करून ठेवला होता की तो परत कसा करायचा ते कळू नये.

त्या उठल्या, सिंकखालचं कपाट उघडलं आणि रबरी हातमोज्यांची जोडी टेबलावर ठेवली.

“भांडी,” त्या म्हणाल्या.

दामल्यांकडे डिशवॉशर आहे. त्यात पिठाचे डबे असतात. तोरुननी बाह्या सरसावल्या आणि कढईपासून सुरुवात केली. झपझप घासत होत्या. पण तिथल्या रीतीप्रमाणे ताटल्या साबणाच्या पाण्यातून काढून, न विसळता, तशाच पालथ्या घालत होत्या. वीणाताई शेजारी फडकं घेऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक ताटली त्यांनी नळाखाली पुन्हा विसळली. तोरुननी ते पाहिलं. सातव्या ताटलीला म्हणाल्या, “शाल्मलीही असंच करते. माझ्या घरी. आठ वर्षं झाली.”

“करणारच,” वीणाताई म्हणाल्या. राजीवच्या मते त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात समाधानी वाक्य ते.

चार वाजता त्यांनी लॅपटॉप उघडला. परिच्छेद परत घातला, फोटो परत घातला, दोन्ही शेरे पुसले. कार्डावरची यादीही परिच्छेदाखाली छापायची, असं त्यांनीच सुचवलं. रविवारची ओळ त्यांना छापून हवी होती. तोरुन तयार झाल्या. रविवारच्या ओळीत वीणाताईंनी एक भर घातली.

शुक्रवारी सव्वाअकराला दोघी वॉटफर्डच्या छापखान्यात पोचल्या. तोरुननी उभ्यानेच पान १४३ वाचलं. रविवार, पाच वाजता, हॅरोत चार, आई.

“हॅरोत चार,” त्या म्हणाल्या. “हे हवंच का?”

“तथ्य आहे. फोन मी करायचे. माझं घड्याळ धरायला हवं.”

“लांबी वाढली.”

“दोन शब्दांनी,” वीणाताई म्हणाल्या. “प्रमाण जुळतं.”

तोरुननी सही केली. बाराला अकरा मिनिटं होती.

शाल्मलीला हे सगळं रविवारी कळलं. ती म्हणाली, “आई, यू आर नॉट अँग्री?” वीणाताईंनी सांगितलं की आहे, आणि राहणार आहे, आणि ऑपरेशनचे सगळे कागद स्कॅन करून पाठव. मग पाऊण तास त्या गुडघ्याबद्दल बोलत राहिल्या. फोन स्टर्नेविकच्या फ्लॅटमधून होता, तरी त्यांनी मध्येच विचारलं की तोरुन कुठे आहे. तोरुन तिच्या घरी होती.

नऊ मेला क्लबाचा पन्नासावा वाढदिवस आहे. सकाळी दुग्नाद, दुपारी सामना, संध्याकाळी पुस्तक. दामल्यांची तिकिटं काढून झाली आहेत. यादी मागच्या आठवड्यात ईमेलने आली. राजीवकडे पुन्हा गोलपोस्ट आहेत. शॉवरपुढे दोन नावं आहेत: तोरुन, वीणा.

वीणाताईंनी त्याच दिवशी उलट लिहिलं. सहा शॉवरना दोघी जास्त होतात, २०१९मध्ये एकटीने व्यवस्थित झाले होते, तरी एकच नाव ठेवता येईल का, अशी विचारणा केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ब्रश त्यांनी हॅरोतूनच घेतला आहे.